गट कोण पाडणार?

‘‘चार-चार जणांचे गट करा आणि शुक्रवारपर्यंत नावं द्या.’’ सरांनी एवढं सांगायचा अवकाश, वर्गाची वाटणी दोन मिनिटांत उरकते. अकरावीपासूनच्या मैत्रिणी एकमेकींना खुणावतात. होस्टेलवरची लातूर-नांदेडची मुलं मागच्या बाकावर जमतात. नेपाळी मुलं नेपाळी मुलांना गाठतात. शेवटी एखादा येमेनी आणि एखादी टांझानियाची विद्यार्थिनी उरते. मग ज्या गटात जागा असेल तिथे त्यांना ‘ॲडजस्ट’ केलं जातं. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजांमध्ये शिकवणाऱ्या कुणालाही हे नवं नाही.

पुण्याला परदेशी विद्यार्थीही नवे नाहीत. फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याची आबाळ पाहून तिथले प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार अस्वस्थ झाले आणि त्यातूनच १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यांतले २८ टक्के एकट्या नेपाळचे. त्यांचे प्रवेश, व्हिसा, राहणं यांची घडी हळूहळू बसत गेली. वर्गात मिसळणं मात्र ज्याच्या-त्याच्यावर सोडलं गेलं.

ते आपोआप का होत नाही? ऑस्ट्रेलियात पर्थच्या मर्डॉक विद्यापीठात सिमोन व्होलेट आणि ग्रेस अँग यांनी स्थानिक आणि आशियाई विद्यार्थ्यांना हेच विचारलं. त्यांचा १९९८ चा अभ्यास या विषयात आजही आधाराला घेतला जातो. त्यांना चार कारणं सापडली: आपल्या माणसांत वाटणारा मोकळेपणा, भाषेची अडचण, वेळ आणि राहण्याच्या जागा न जुळणं आणि एकमेकांबद्दलचे पूर्वग्रह. मिश्र गटात काम केलेल्यांचा अनुभव चांगला होता. तरीही पुढच्या वेळी निवड हाती आली, तर पुन्हा आपापल्या कळपातच जाण्याकडे मुलांचा कल होता. म्हणजे एकदा ओळख करून दिली की काम झालं, असं नाही.

ही कारणं पुण्यालाही लागू पडतात. स्थानिक मुलगी तास संपला की बस पकडून घरी जाते. परदेशी विद्यार्थी दूर कोंढव्यात खोली करून राहतो. वर्ग इंग्रजीतला, पण चहाच्या टपरीवरच्या गप्पा मराठी-हिंदीत; आणि परीक्षेत काय येणार याची खबर नेमकी टपरीवरच मिळते. इथे आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. मराठी माध्यमातून आलेला लातूरचा मुलगा आणि काबूलहून आलेला अफगाण विद्यार्थी, दोघांचीही इंग्रजीतल्या व्याख्यानात सारखीच दमछाक होते. दोघंही प्रश्न विचारायला कचरतात. पण एक ‘स्थानिक’ आणि दुसरा ‘परदेशी’ ठरल्यामुळे, आपलं दुखणं एकच आहे हे दोघांच्याही गावी नसतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं की, नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि संस्थेचा पाठिंबाही हवा. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि तणाव वाढला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना.

हेच आपल्या वर्गात करायचं, तर विषयही तसाच निवडावा लागेल. समजा, अर्थशास्त्राच्या वर्गात प्रकल्प दिला: परगावी गेलेल्या माणसाच्या पैशावर गाव कसं चालतं? चिपळूणच्या मुलीने आजीकडून मुंबईच्या मनीऑर्डरींबद्दल ऐकलेलं असतं. नेपाळमधल्या पोखऱ्याच्या मुलाचे काका कतारमध्ये कामाला असतात. घर पक्कं झालं, पण शेती पडीक राहिली, हे दोघांनाही माहीत. तुलना मात्र एकट्याला जमणार नाही. इथे परदेशी विद्यार्थी कुणाच्या दयेवर गटात येत नाही. त्याच्याकडची माहिती गटाला हवीच असते.

त्यासाठी गट शिक्षकांनीच पाडावेत, तेही सत्राच्या सुरुवातीला, कंपू पक्के होण्याआधी. प्रकल्पाचं काम तासाच्या वेळेतच व्हावं, म्हणजे बस आणि कोंढवा आड येणार नाहीत. अंतर्गत गुणांतले काही गुण, प्रत्येकाने सहकाऱ्याचा भाग किती नीट समजावून सांगितला, यावर द्यावेत. आणि हे एका प्रकल्पापुरतं न ठेवता सत्रभर चालवावं. पर्थचा धडा तोच आहे.

ऐंशी-नव्वद मुलांच्या वर्गात, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाला हे वाढीव ओझं वाटेल आणि त्यात चूक नाही. पण अनेक संस्था परदेशी विद्यार्थ्यांकडून स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त फी घेतात. त्यातला थोडा वाटा या कामाच्या मानधनासाठी काढायला काय हरकत आहे?