फुटबॉलचा सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक

फुटबॉलच्या प्रशिक्षकांत सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद निघाला कीं बहुतेक जण प्रथम ढाली व चषक मोजूं लागतात. ही मोजदाद करावयाची तर इंग्लंडपुरता प्रश्नच उरत नाहीं. ॲलेक्स फर्ग्युसन यांनीं १९८६ ते २०१३ या काळांत मँचेस्टर युनायटेडला १३ वेळां लीगचें विजेतेपद मिळवून दिलें.

परंतु प्रशिक्षकाची खरी पारख अडचणींत होते. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. तोंपर्यंत चेंडू पुढें देतांना आक्रमक व गोलरेषा यांच्यामध्यें प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत; आतां दोन पुरेसे झाले. बचावाची जुनी घडी विस्कटली. त्याच वर्षीं आर्सेनलचीं सूत्रें हातीं घेतलेल्या हर्बर्ट चॅपमन यांचा संघ न्यूकॅसल येथें ७ गोलांनीं हरला. तेव्हां त्यांनीं सेंटर-हाफला मागें, दोन बॅकांच्या मध्यें नेलें. सूचना मूळची चार्ली बकन या खेळाडूची. ती मानण्याइतकें मोठें मन मात्र चॅपमन यांचें, आणि हा गुण कांहीं लहान नव्हे.

दोन संघांना शिखरावर नेल्याचें श्रेय दोघांसही आहे: फर्ग्युसन यांनीं आधीं ॲबर्डीनला नेलें, चॅपमन यांनीं हडर्सफील्डला. तरीही पारडें चॅपमन यांच्याकडे झुकतें, कारण त्यांची मांडणी प्रतिस्पर्धी संघांनींही उचलली. १९३१ व १९३३ सालीं आर्सेनलनें लीग जिंकली; १९३४ च्या जानेवारींत न्युमोनियानें चॅपमन यांचा अंत झाला. त्या हंगामाचें विजेतेपद आर्सेनलनेंच मिळविलें, आणि पुढील हंगामाचेंही.