सशाच्या शेपटीखाली पाहा

घरातला ससा कोपऱ्यात गप्प बसला, पाल्याला तोंड लावेना, की हवेने मलूल झाला असेल असे समजून दिवस काढला जातो. अशा वेळी त्याला उचलून आधी शेपटीखाली पाहावे. तिथली लव ओली असेल, घाण वास येत असेल आणि आत काही पांढरे वळवळत असेल, तर अळ्या पडल्या आहेत. मग उद्याची वाट पाहता येत नाही.

गुरांच्या जखमेत पडलेल्या अळ्या अनेकांनी पाहिलेल्या असतात. सशाला मात्र जखम असावीच लागते असे नाही. लघवी-विष्ठेने बरबटलेली लव माशीला पुरते. हिरवट चमकणारी माशी तिथे अंड्यांचा पुंजका घालते. उष्ण, दमट हवेत ती २४ तासांच्या आत फुटतात. अळ्या कातडी पोखरून मांसात शिरतात आणि ससा बघता बघता खचतो. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच. शिकार होणाऱ्या प्राण्याला ते लपवावेच लागते.

पण लव बरबटते कशाने? ससा कोरड्या लेंड्यांखेरीज मऊ विष्ठाही टाकतो आणि ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ऐकायला किळसवाणे, पण त्याच्या पोषणाचा तो भाग आहे. लठ्ठ, सांधे आखडलेल्या किंवा दात वाढलेल्या सशाचे तोंड तिथवर पोहोचत नाही. त्यात बिस्किटे, पाव, फळे यांचे लाड आणि गवत कमी, म्हणजे ही विष्ठा पातळ होऊन लवेला चिकटते.

तारपीन, फिनेल, रॉकेल असले घरगुती उपाय सशावर नकोतच. त्याची कातडी पातळ असते आणि अंगावरचे सगळे तो चाटतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचे फिप्रोनिल सशाला विषारी ठरते. उरलेल्या गोळ्यांतली अमॉक्सिसिलिन तोंडाने दिली, तर आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरून ससाच दगावू शकतो. आंघोळही घालू नये. दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने काढत तडक पशुवैद्य गाठावा. तिथे वेदनाशामक व सलाइन देऊन, लव कापून, आतल्या अळ्या काढल्या जातात. अळ्या पोटाच्या पोकळीपर्यंत गेल्या असतील, तर दयामरणाचा सल्ला मिळतो.

पावसाळ्यात दिवसातून दोनदा ससा उलटा करून पाहायला मिनिटभरही लागत नाही. पिंजऱ्यातले ओले गवत रोज बदलावे, खिडकीला बारीक जाळी लावावी. लठ्ठ आणि म्हाताऱ्या सशांवर अधिक लक्ष ठेवावे.