बर्फावर फोर-व्हील-ड्राइव्हचा भ्रम

चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून झटकन सुटते, आणि तिथेच चालकाचा थांबण्याचा अंदाज चुकतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. थांबवतं ते टायरचं रबर. साधं रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. म्हणूनच कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. चांगले टायर लावलेली छोटी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी मला गुळगुळीत टायरच्या एसयूव्हीपेक्षा भरवशाची वाटते. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका, तो पटकन घसरतो. म्हणून काहीजण वजनासाठी हौद्यात वाळूची पोती टाकतात. हायवेवर वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर सुमारे चौपट होतं. निसरड्यावर क्रूझ कंट्रोल बंदच ठेवावा.