पुढे आलेला कान, अर्धवट कान, फाटलेली पाळी: कानाची कोणती सर्जरी कोणत्या वयात?

'सुपासारखे कान' म्हणून वर्गात चिडवलं जाणारं मूल. जन्मतःच एका बाजूचा कान अर्धवट असलेलं बाळ. आणि वर्षानुवर्षं जड झुमके घालून कानाची पाळी फाटलेली महिला. डॉक्टरांकडे गेल्यावर या तिघांच्याही कानावर 'प्लास्टिक सर्जरी' हाच शब्द पडतो. पण तिघांवरचे उपचार वेगळे आहेत आणि ते करण्याची योग्य वेळही वेगळी आहे. ही वेळच अनेकदा चुकते.

कोणासाठी काय पर्याय आहे, ते समजून घेऊया.

नवजात बाळ: सर्जरी टळू शकते

बाहेरून दिसणाऱ्या कानाला आकार देते ती कातडीखालची लवचिक कूर्चा, म्हणजेच कार्टिलेज. आईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा परिणाम जन्मानंतर काही काळ बाळाच्या शरीरात टिकतो. त्यामुळे पहिले काही आठवडे ही कूर्चा मऊ असते.

अशा वेळी कान दुमडलेला, टोकदार किंवा पुढे आलेला असेल, तर त्यावर खास साचा बसवून आकार सुधारता येतो. यात चिरफाड नाही आणि भूलही नाही. पहिल्या तीन आठवड्यांत सुरुवात केली तर परिणाम सर्वांत चांगला मिळतो. सहा आठवड्यांनंतर कूर्चा घट्ट होऊ लागते आणि ही संधी कमी होत जाते.

मालिश करताना रोज कान दाबले तर चालणार नाही का? नाही. साचा दिवसरात्र कानावर राहावा लागतो. काही बाळांचे कान आपोआपही सुधारतात. पण 'मोठं झाल्यावर होईल नीट' असं म्हणण्याआधी बाळ महिन्याचं होण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

पुढे आलेले कान: ओटोप्लास्टी

कानाच्या वरच्या भागातली आतली घडी नीट तयार झालेली नसते किंवा मधला खोलगट भाग जास्त खोल असतो. म्हणून कान डोक्यापासून लांब दिसतात. ऐकण्याशी याचा संबंध नसतो.

पाच-सहा वर्षांपर्यंत कानाची बहुतेक वाढ झालेली असते. त्यामुळे साधारण त्या वयानंतर ओटोप्लास्टी करता येते. कानामागे चीर देऊन, कूर्चेला आतून टाके घालून घडी तयार केली जाते. लहान मुलांना सहसा पूर्ण भूल देतात, मोठ्यांमध्ये जागेवर भूल देऊनही हे काम होतं. त्यानंतर काही आठवडे रात्री डोक्याला पट्टा बांधावा लागतो.

रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, दोन्ही कानांत थोडा फरक राहणं किंवा कान पुन्हा पुढे येणं हे यातले धोके आहेत. मोठेपणीही ही सर्जरी होते. त्यामुळे मुलाला स्वतःला त्रास वाटत नसेल, तर फक्त पालकांना वाटतं म्हणून घाई करण्याचं कारण नाही.

अर्धवट कान: आधी ऐकणं, मग दिसणं

जन्मतः कान खूप लहान किंवा जवळपास नसणं म्हणजे मायक्रोटिया. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, असं अजूनही अनेक घरांत बोललं जातं. त्यात तथ्य नाही. बाहेरचा कान गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच घडू लागतो आणि बहुतेक बाळांमध्ये दोषाचं एकच ठोस कारण सापडत नाही. मात्र मुरमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनोइन हे औषध गरोदरपणात घेतल्यास असा दोष होऊ शकतो.

यात अनेकदा कानाचं छिद्रही बंद असतं आणि त्या बाजूने कमी ऐकू येतं. नवा कान बनवायला काही वर्षं थांबता येतं, ऐकण्याच्या बाबतीत मात्र थांबता येत नाही. बाळाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत, असा निकष आहे. दोन्ही कान असे असतील तर भाषा शिकण्यासाठी हे फारच महत्त्वाचं आहे. हाडातून आवाज पोहोचवणारं श्रवणयंत्र साध्या पट्ट्याने डोक्यावर बांधता येतं.

कान बनवण्याचे मुख्य पर्याय तीन:

- बरगडीची कूर्चा: मुलाच्याच बरगडीची कूर्चा कोरून कानाचा सांगाडा बनवतात. पुरेशी कूर्चा मिळावी म्हणून सहा ते दहा वर्षांपर्यंत थांबतात. सहसा दोन किंवा अधिक टप्पे लागतात.
- कृत्रिम सांगाडा: सच्छिद्र पॉलिइथिलीनचा सांगाडा कमी वयात बसवता येतो, पण तो उघडा पडण्याचा किंवा तुटण्याचा धोका असतो.
- सिलिकॉनचा कान: हुबेहूब दिसतो आणि काढता येतो, मात्र काही वर्षांनी बदलावा लागतो.

बनवलेला कान दुसऱ्या कानासारखा तंतोतंत होत नाही, ही कल्पना आधीच असावी.

फाटलेली पाळी आणि टोचलेला कान

पाळीत कूर्चा नसते, त्यामुळे तिची दुरुस्ती सोपी असते. सुश्रुतसंहितेतही पाळी जोडण्याच्या 15 पद्धती दिल्या आहेत. आज जागेवर भूल देऊन छिद्राच्या कडा ताज्या करतात आणि टाके घालतात. त्याच दिवशी घरी जाता येतं. काही महिन्यांनी पुन्हा टोचता येतं, पण जुन्या व्रणाच्या बाजूला. रसायन लावून 'विनाटाके' छिद्र बंद करून देणाऱ्या पार्लरपासून मात्र जपून राहा, त्वचा भाजू शकते.

बुगडी किंवा भिकबाळीसाठी कानाचा वरचा भाग टोचतात, तिथे कूर्चा असते. तिथला संसर्ग बळावला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. सूज आणि दुखणं वाढत असेल तर हळद लावून वाट पाहू नका.

टोचल्यावर गाठ वाढत गेली तर ते केलॉइड असू शकतं. ती नुसती कापली तर पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा दाब देणारे कानातले अशा उपचारांची जोड देतात.

विमा मिळतो का?

फक्त दिसण्यासाठी केलेली सर्जरी आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना या नियमात अपवाद आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर कारण स्पष्ट लिहून घ्या. जन्मजात दोषासाठी पॉलिसीच्या अटी आधी वाचा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश आहे.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, ते पाहा. मायक्रोटियासाठी आणखी एक प्रश्न विचारा: असे किती कान तुम्ही स्वतः बनवले आहेत आणि त्यांचे काही वर्षांनंतरचे फोटो दाखवाल का?