आरशासमोरची चिमुरडी

आई कामावरून घरी येते. खोलीत पाऊल टाकते तो काय, पाच वर्षांची लेक आरशासमोर उभी! पावडरचा डबा अर्धा रिकामा, चेहरा गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक, लिपस्टिक ओठ सोडून गालभर. आईचा हात उगारला जातो. तेवढ्यात लेक हसून विचारते, "आई, मी गोरी झाले ना?" उगारलेला हात तिथेच थांबतो.

मायबहिणींनो, लेकरू मोठ्यांची नक्कल करते यात वावगे काहीच नाही. भातुकलीत भाकरी थापावी, तशीच ही लिपस्टिक. मुलगेही हा खेळ खेळतात. त्यांचीही टिंगल करू नये. पण "गोरी झाले ना?" हा प्रश्न खेळातला नाही. तो तिने आपल्याच तोंडून उचललेला असतो. "रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस," असे आपण पाळण्यापाशी उभे राहून बोलतो. त्यातला तो 'पण' लेकराच्या मनात घर करतो.

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथेच पुढे केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय पती-पत्नी मानसशास्त्र शिकले. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. "चांगली बाहुली कोणती?" बहुतेक मुलांनी गोरी दाखवली. "वाईट कोणती?" बहुतेकांचे बोट काळ्या बाहुलीकडे गेले. मग विचारले, "तुझ्यासारखी कोणती?" तेव्हा काही मुले रडू लागली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदाच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्या निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचा दाखला आहे.

आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' शब्द गेला. आपल्या बोलण्यातला 'गोरी' मात्र अजून गेलेला नाही.

मग नटूच नये काय? तसे नव्हे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, की अस्पृश्यतेची खूण ठरलेले गळ्याहातांतले दागिन्यांचे ओझे टाका, लुगडे नीट नेसा, स्वच्छ राहा. नीटनेटके राहणे हा स्वाभिमान आहे. आपल्याच कातडीची लाज वाटून ती झाकणे हा नव्हे.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावडर मुलांच्या नाकातोंडात गेली तर फुप्फुसांना अपाय होतो. काही सुरम्यांत शिसे असते, ते वाढत्या मेंदूला घातक. रंग उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. त्याने मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून हे सामान उंच फळीवर ठेवावे. खेळायला कुंकवाची रिकामी डबी आणि जुना कंगवा पुरे. आणि कौतुक करायचेच तर पाठ केलेल्या पाढ्यांचे करावे, धाकट्याला सांभाळल्याचे करावे.

आता त्या आईकडे वळू. ती खाली बसते, पदर ओला करून लेकीचे तोंड पुसते आणि म्हणते, "गोरी नाही ग, तू माझ्यासारखी आहेस. मी तुला आवडते ना?"

लेक मान डोलावते. "मग झालं तर!"