वसईचा हिवाळा आणि आळीचा हिशेब

येत्या आठवड्यात वसईतल्या एखाद्या रोषणाई केलेल्या चर्चचा फोटो पहिल्या पानावर येईल, आतल्या पानात केकच्या भावांची चौकट असेल आणि लाल टोपी घातलेली एखादी निवेदिका नाताळचा उत्साह शिगेला पोचल्याचे सांगेल. २६ तारखेला विषय संपेल. यात खोटे काहीच नाही, पण एका रात्रीच्या वार्तांकनावरून वसईच्या ख्रिस्ती समाजाबद्दल जी मते बनतात ती बहुधा चुकतात. धर्मग्रामाचा हिवाळा सुरू होतो तो २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीतल्या मिस्सेने, आणि चालतो थेट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तेव्हा संत गोन्सालो गार्सियाची आठवण असते. वसईत जन्मलेला हा फ्रान्सिस्कन ब्रदर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली संतपदाला पोचला. या तीन महिन्यांत चर्चच्या आवारात जे चालते त्यातले बरेचसे उत्सवापेक्षा कामच जास्त असते. वसईच्या धर्मग्रामांना आजवर श्रद्धेने जितके एकत्र ठेवले, तितकेच या कामाच्या वाटणीने ठेवले, असे माझे म्हणणे आहे. आणि आज ओढाताण होते आहे ती श्रद्धेची कमी, वाटणीची जास्त.

या वेळापत्रकाला शेतीचा आधार आहे. दिवाळीच्या आगेमागे भात कापून होते, झोडणी उरकते, हात मोकळे होतात आणि पेंढा घरात येतो. नाताळपूर्व आगमनकाळाचे चार रविवार नेमके याच फटीत बसतात. रोममध्ये ठरलेली दिनदर्शिका वसईच्या हंगामाला अशी चपखल बसावी हा योगायोगच, पण गावांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. लग्नांचेही तसेच. १९१७ च्या चर्च कायद्यानुसार आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्नाचा थाटाचा आशीर्वादविधी करता येत नसे. साहजिकच नाताळ उलटला की उपवासकाळ लागेपर्यंतची फट लग्नांनी भरून जायची. नियम पुढे सैल झाला, सवय मात्र फारशी सुटली नाही, कारण तोवर नोकरीनिमित्त मुंबईत, आखातात किंवा त्याहून लांब गेलेली माणसे सुट्टी काढून घरी आलेली असतात. नाताळ, थर्टी फर्स्टची आभाराची मिस्सा, भावकीतली दोन लग्ने आणि जमिनीचा राहिलेला एखादा कागद, एवढे सगळे एकाच रजेत. अशा वेळी गावात जी माणसे भेटतात, त्यांच्यातच वर्षभराची देणीघेणी आणि भांडणे मिटतात, क्वचित नवी सुरूही होतात.

वाटणी कशी चालते, ते नाताळपूर्व नोव्हेनात दिसते. १६ ते २४ डिसेंबर हे नऊ दिवस आळ्यांमध्ये किंवा विभागांमध्ये वाटून दिलेले असतात. ज्या आळीचा दिवस तिने वाचने करायची, अर्पणाच्या वस्तू आणायच्या, गायन सांभाळायचे, खुर्च्या मांडायच्या आणि नंतर त्या उचलायच्याही. खुर्च्या उचलणे हा भाग कुणाच्या फोटोत येत नाही. पण कोणत्या आळीत एकी उरली आहे आणि कोणत्या आळीत दोन घरांचे बोलणे बंद आहे, हे धर्मगुरूंना तिथेच कळत असणार. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचे कामही असेच. तो बांधायचा म्हणजे कुणाच्या तरी खळ्यावरून पेंढा आणायचा, माती कालवायची, बांबू चिरायचे, आणि दोन आठवडे आधी पसरट भांड्यात नाचणी किंवा गहू पेरून ठेवायचा, म्हणजे २४ तारखेला गोठ्याभोवती बोटभर उंचीचे हिरवे शेत उभे राहते. पाणी जास्त झाले तर रोपे पिवळी पडतात, कमी झाले तर मान टाकतात. रोज पाणी घालायला एक पोर नेमावे लागते आणि त्या पोरावर लक्ष ठेवायला एक आजी. मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची हा दंडक. अलीकडे गोठ्यांच्या स्पर्धा होतात, धबधबे वाहतात, थर्मोकोलचे डोंगर आणि चमचमते दिवे येतात, परीक्षक गाडीतून उतरून गुण देऊन जातात. ही स्पर्धा मला खटकते. बक्षिसासाठी चार हौशी कारागीर कामाला लागतात आणि बाकीची आळी प्रेक्षक होऊन बसते. देखावा सुधारतो, पण ज्यासाठी गोठा आळीने बांधायचा ते काम होत नाही.

नाताळगीते गात घरोघर फिरणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांकडेही याच नजरेने पाहायला हवे. गिटार, ढोलक, बाळ येशूची मूर्ती, एक पेटी आणि एक वही. बाहेरच्याला गिटार दिसते, मला वहीत रस आहे. कोणत्या घराने किती दिले, कोणत्या घरात आजारपण असल्याने पेटी पुढे न करताच गाऊन बाहेर पडले, जमलेल्या रकमेतून कुणाच्या औषधपाण्याला नि कुणाच्या फीला किती गेले, हे सगळे तीत असते. विशीतल्या मुलामुलींच्या हाती सार्वजनिक पैसा पहिल्यांदा येतो तो असा, आणि त्याचा हिशेब गावापुढे द्यावा लागतो हेही ती तिथेच शिकतात. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम अनेक धर्मग्रामांत वर्षभर चालते, तेही याच रीतीचे: घरी जाऊन भेटायचे, गरज पाहायची, नोंद ठेवायची. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेली ही पद्धत वसईत टिकली, कारण घरोघर जाण्याची सवय इथे होतीच.

या सवयीतून काय उभे राहू शकते त्याचा पुरावा वसईतल्या पापडीत आहे. बसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचा उगम १९१८ साली मोन्सेन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने झाला. त्या काळची सहकारी पतव्यवस्था कशी होती ते लक्षात घेतले पाहिजे. १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनी पतसंस्थांना वाट करून दिली होती आणि ग्रामीण संस्थांमध्ये सर्वसाधारण नियम अमर्यादित जबाबदारीचा होता. एकाने कर्ज बुडवले तर भार सगळ्यांवर. अशा संस्थेला इमारत आणि भांडवल लागतेच, पण त्याआधी शेजाऱ्याची खडान्‌खडा माहिती लागते: कोण शब्दाला जागतो, कोण दारूत उडवतो, कुणाची बागायत खरेच पाणी धरून आहे. सावकारापाशी ती माहिती असते, म्हणून त्याचा धंदा चालतो. धर्मग्रामापाशीही ती होती, कारण वर्षानुवर्षे नोव्हेनाची पाळी, सणाची वर्गणी आणि गोठ्याचा पेंढा या निमित्ताने प्रत्येक घर पारखून झालेले होते. चर्चमुळे बँक आली असे सरळ समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. मोनिस यांच्यासारखा खटपटी माणूस नसता तर ती झालीच नसती, आणि महाराष्ट्रात बिगरख्रिस्ती गावांतही पतपेढ्या फुलल्या. पण नाव दिलेले कॅथॉलिक मंडळींचे, पुढाकार धर्मगुरूचा आणि संस्था शंभरी ओलांडून उभी, हे पाहता तिच्या मुळाशी आळीची ही वही होती असे मानायला माझी हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा. हे सगळे परकीय आहे, पोर्तुगीजांनी लादलेले आहे. धर्म पोर्तुगीजांबरोबर आला, जबरदस्तीचे प्रकार झाले, हे इतिहासात आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आणि गावे ख्रिस्तीच राहिली. सत्तेचे पाठबळ गेल्यावर जे पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकते त्याला लादलेले म्हणत राहणे म्हणजे टिकवणाऱ्यांचे कर्तृत्व नाकारणे होय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही काहींनी त्यांच्या झग्याकडे बोट दाखवले होते. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केलेल्या, 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या माणसाला मराठीपणाचा दाखला मागणाऱ्यांना उत्तर देण्यात जागा घालवावी, असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आळी म्हणजे जात. कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन हे सारे एकाच मिस्सेला बसत असले, तरी त्यांची वस्ती, बोली आणि बऱ्याच अंशी सोयरिक वेगळीच राहिली. बाप्तिस्म्याने ही कुंपणे पडली नाहीत. तेव्हा आळीच्या वाटणीचे कौतुक म्हणजे जातीच्या वाटणीचे कौतुक नव्हे काय? काही अंशी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण वाटणीतला एक गुण नजरेआड होता कामा नये. नोव्हेनाचा पाचवा दिवस कोळ्यांचा आणि सहावा कुपाऱ्यांचा असला तरी वेदी तीच असते, खुर्च्या त्याच असतात आणि हिशेब धर्मग्रामाच्या एकाच परिषदेपुढे येतो. एकत्र जेवायला तयार नसलेली माणसेही एकत्र वर्गणी मोजतात, आणि मोजता मोजता त्यांच्यात थोडाफार विश्वास रुजतो. तो पुरेसा नाही. मात्र कुंपण पाडायला निघालेल्याला सुरुवात करायला दुसरी जागा सापडेल असेही नाही.

खरा पेच तिसराच आहे. २००९ साली वसई-विरार महापालिका आली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती, आणि नंतरचे मनोरे मोजायला जनगणनेची गरज नाही. गावांनी महापालिकेत जाण्याला विरोध केला. त्याआधी हरित वसईची चळवळ दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली उभी राहिली होती, आणि तिला धर्मग्रामांमधून माणसे मिळाली ती रविवारी आवारात भेटणारी, एकमेकांच्या शब्दावर जमणारीच होती. २०२४ च्या जुलैत दिब्रिटो गेले. वाडीच्या जागी सात मजली इमारत झाली की आळी नकाशात उरत नाही. पेंढा विकत आणावा लागतो, नाचणी पेरायला अंगण नसते, गाणाऱ्या टोळीला सोसायटीच्या फाटकावर रखवालदार अडवतो आणि सचिवांची परवानगी मागतो. जुनी मंडळी यावर हळहळतात. मला त्या हळहळीचा कंटाळा आहे, कारण नायगाव-नालासोपाऱ्याच्या इमारतींत ख्रिस्ती माणसे कमी झालेली नाहीत. गोव्याची, मंगळूरची, केरळची कुटुंबे आली आहेत आणि ती मिस्सेला येतात. पण ती येतात, बसतात आणि जातात. त्यांच्यासाठी वेगळ्या भाषेतली मिस्सा ठेवली की आपले काम झाले, असे अनेक ठिकाणी समजले जाते. सोय झाली, पण नोव्हेनाचा दिवस त्यांच्या नावावर लागला नाही आणि वहीत त्यांचे पान उघडले नाही.

म्हणून विभाग जुन्या आळ्यांवर न पाडता इमारतींवर पाडावेत. एका विभागात दोन जुनी घरे आणि चार नवे मजले पडले, तरच पाळी फिरेल. यावर लगेच भाषेची अडचण सांगितली जाते: नवख्यांना मराठी येत नाही, कुपाऱ्यांची सामवेदी बोली तर दूरच. मराठी न येणाऱ्याला खुर्च्या मांडता येतात, पेटीतले पैसे मोजता येतात, आणि वाचनाची पाळी अंगावर आली की तो मराठी शिकतोही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला दार उघडल्यावर आयुष्यभराची लॅटिन बाजूला ठेवून मराठीत मिस्सा म्हणायला शिकलेल्या धर्मगुरूंच्या वसईला हे वेगळे सांगायला नको.