दाबमापकावरील काटा

आपल्यापैकी कित्येक कुटुंबांतील तरुण तारापूरसारख्या ठिकाणी रसायनांच्या कारखान्यांत रात्रपाळी करतात. त्यांना काम नुसते दाखविले जाते की समजावून शिकविले जाते, हा प्रश्न घरी क्वचितच निघतो. भोपाळची हकीकत ठाऊक असलेल्याने तरी तो विचारावा.

त्या शहराने शिक्षणाचा चांगला नमुनाही पाहिला आहे. १९५६ साली सरकारने तेथे अवजड विद्युत्‌यंत्रांसाठी हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापिली आणि कारागीर घडविण्यासाठी प्रशिक्षणशाळाही चालविली. युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखानाही प्रारंभी या बाबतीत मागे नव्हता. १९८० साली तेथे मिथाइल आयसोसायनेट हे महाविषारी द्रव्य बनू लागले, तेव्हा यंत्रचालक विज्ञान शिकलेले असत व त्यांना अनेक महिने शिक्षण मिळे.

पुढे तोटा होऊ लागला आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम माणसांवर पडली. अनुभवी मंडळी सोडून गेली. या विभागात पाळीला बारा चालक असत, ते सहा झाले. शिक्षणाचा काळ आखडला. सूचनापुस्तके इंग्रजीत, आणि ती नीट वाचू शकणारे थोडे! मे १९८२ मध्ये अमेरिकेतून आलेल्या कंपनीच्याच तपासनिसांनी लिहून ठेविले होते की, येथे पाठांतराने शिकवितात आणि पुरती समज येण्यापूर्वीच माणसांना स्वतंत्र कामावर सोडतात.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब दर चौरस इंचास दोन पौंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकरा वाजता नव्या चालकाने काटा पाहिला, तो दहावर! दोनपासून पंचवीसपर्यंत दाब चालतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो निश्चिंत राहिला. तासाभरापूर्वी तो दोनच होता, ही गोष्ट मात्र त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. शिवाय तेथील मापके भरवशाची नसत, म्हणून काट्यावर विसंबण्याची सवयही उरली नव्हती. वायुगळती ओळखण्याचे नेहमीचे साधन म्हणजे माणसाचे चुरचुरणारे डोळे! मध्यरात्रीनंतर त्या टाकीतील सुमारे चाळीस टन द्रव्याचा मोठा भाग वायुरूपाने शहरावर पसरला आणि हजारो माणसे मेली.

सारे खापर त्या चालकावर फोडणे अन्यायाचे होईल. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासूनच बंद होती; पाणी आत कसे शिरले याविषयी कंपनी व कामगार यांचे म्हणणे आजही जुळत नाही. तथापि दोनचे दहा का झाले, असे विचारणारा एक जाणता माणूस त्या घटकेला हवा होता, आणि तशी माणसे पाठांतराने तयार होत नाहीत.

१९८७ साली कारखाना कायद्यात सुधारणा झाली. कामातील धोके कामगारांना सांगणे मालकांवर बंधनकारक झाले व धोका दिसताच इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पहाटे कामावरून परतणाऱ्या मुलाला आईनेही चहा देताना एवढे विचारावयास हरकत नाही: “बाळ, पाळी बदलताना आधीच्या माणसाने तुला काय काय सांगितले?”